द्रौपदाअक्काच्या खाटेला पट्टी नव्हती

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट ओळखत नाही, हे मी आता मनाला लावून घेत नाही. पोट फाडणारा डॉक्टर लक्षात राहतो, त्याला पेढे मिळतात, त्याच्या पाया पडतात. माझी गाठ पडते तेव्हा माणूस घाबरलेला असतो, आणि मी माझं काम नीट केलं तर त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवते ती एकच गोष्ट: शुद्धीवर आल्यावर झालेली ओकारी. "ऑपरेशनचं काही वाटलं नाही हो, पण नंतरच्या उलट्यांनी जीव घेतला," असं बायका वर्षानुवर्षं सांगत राहतात. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

मी मूळचा मुक्ताईनगरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. धुळ्यात धंदा सुरू करून अठरा वर्षं झाली. आम्हा भूलवाल्यांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. डिकीत दोन बॅगा टाकायच्या आणि सकाळी देवपूर, दुपारी पारोळा रोड, संध्याकाळी साक्री रोड, जिथून फोन येईल तिकडे धावायचं. त्यामुळे गावातली सगळी ऑपरेशन थिएटरं मला पाठ आहेत आणि त्यातल्या सगळ्या आयाही. पण माझ्या या अठरा वर्षांत मला शहाणं करणारी आया एकच भेटली. तिचं नाव द्रौपदाबाई. सगळे तिला अक्का म्हणायचे.

डॉ. भूपेंद्र यांच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये अक्का एकतीस वर्षं होती. उंच, हडकुळी, साडीचा काष्ट्यासारखा घट्ट खोचा, वर हिरवा गाऊन. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी संघमित्रा हिला तिने याच नोकरीवर शिकवलं आणि ती जळगावला शाळेत शिक्षिका झाली, याचा अक्काला इतका अभिमान होता की नव्या पेशंटला स्वतःचं नाव सांगायच्या आधी ती मुलीची नोकरी सांगायची. अक्काचं काम म्हणाल तर सगळं घाणीचं. रक्ताचे कपडे, बादल्या, उलटीचे ट्रे. पण तिच्या हातची फरशी ओली असेल तर खुद्द डॉ. भूपेंद्रांनाही दाराबाहेर थांबावं लागे. "वली शे, साहेब. पडशात," एवढंच म्हणायची, आणि जिल्ह्यातला नावाजलेला सर्जन चपला हातात घेऊन उभा राहायचा.

अक्काची एक खोड होती. ऑपरेशनसाठी बाई आली की ही खाटेपाशी जाऊन हळूच विचारायची, "बाई, माहेरले जास तवय एसटी लागस का तुले?" बाई "हो" म्हणाली की अक्का माझ्याकडे येऊन ही ओकणार असं सांगायची, "साहेब, दोन नंबरनी बाई वकी, देखी ठेवा."

मी तेव्हा नवा होतो. नवा म्हणजे किती नवा, तर स्वतःच्या डिग्रीचा कागद घडी न घालता फिरवणारा. एकदा तिने हे डॉ. भूपेंद्रांच्या समोर सांगितलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. "अक्का, डॉक्टर तू आहेस की मी? एसटीचा आणि गर्भाशयाच्या ऑपरेशनचा काय संबंध?" असं मी सगळ्यांसमोर तिला फाडफाड बोललो. अक्काने ट्रे मात्र त्या बाईच्या उशाशी नेऊन ठेवला. दुपारी त्या बाईने तो ट्रे तीनदा भरला.

त्याच वर्षी नाशिकला आमच्या डॉक्टरांच्या परिषदेत एका मोठ्या तज्ज्ञाने पडद्यावर चार ओळी दाखवल्या. ऑपरेशननंतर उलट्या कोणाला जास्त होतात? बायकांना. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना. ज्यांना गाडी लागते किंवा मागे ऑपरेशननंतर उलट्या झाल्यात, त्यांना. आणि ज्यांना नंतर अफूच्या जातीची दुखण्याची औषधं लागतात, त्यांना. तिसरी ओळ वाचताना माझे कान तापले. अक्का जे फडकं पिळता पिळता सांगत होती, ते परदेशातल्या लोकांनी हजारो पेशंट मोजून काढलं होतं.

माफी मागण्याचा माझा स्वभाव नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त म्हणालो, "अक्का, कोणाला गाडी लागते ते विचारत जा, आणि मला कळवत जा." मग तिनेच त्याची रीत पाडली. मी थिएटरमध्ये हात धुतलेला, तोंडाला मास्क, सांगायला सापडणार कुठे? म्हणून ज्या बाईला गाडी लागते तिच्या खाटेच्या दांडीला अक्का गॉजची एक पट्टी बांधायची. पेशंट खाटेसकट आत आला की मी दांडीकडे बघायचो. पट्टी असली की माझा बेत बदलायचा. सुरुवातीलाच एक जादा इंजेक्शन, भुलीचा वायू कमी करून शिरेतून औषध, आणि शेवटी नेहमीचं ओकारीचं इंजेक्शन. पट्टी नसली तर फक्त शेवटचं. भुलीच्या फॉर्मवर "गाडी लागते का" असा एक रकाना असतो. तो मी पेशंटला न विचारता दांडीकडे बघून भरायला लागलो. चौदा वर्षं तसाच भरला. अक्काची पट्टी चुकली असं मला आठवत नाही.

एकदा दोन ऑपरेशनांच्या मधल्या चहाला अक्काने विचारलं, "साहेब, चिरतस पोट, मंग वकारी कशी येस? खाल्लेलं तं काहीच नही ऱ्हात."

मला शिकवायला आवडतं. ऐकणारा मिळाला की माझी गाडी थांबत नाही. मी तिला सेरोटोनिन सांगितलं. म्हटलं, लोकांना वाटतं हे द्रव्य मेंदूत असतं आणि त्याने माणूस आनंदी राहतो. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. भुलीचं औषध गेलं, आतड्याला हात लागला, धक्का बसला, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते सोडतात. तिथे एका नसेची टोकं असतात, त्यांच्यावर ते जाऊन बसतं. ती नस थेट मेंदूपर्यंत जाते आणि वर्दी देते, की पोटात काहीतरी विषारी आलंय, बाहेर टाका. माझं इंजेक्शन त्या नसेच्या टोकावर आधीच जागा धरून बसतं, म्हणजे सेरोटोनिनला टेकायला जागा उरत नाही.

अक्काने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "म्हंजे पोट डोकाले चिठ्ठी धाडस, आन तुमनी सुई पोस्टमनले दारमाच आडावस."

मी पुढे माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे असंच सांगितलं, तिचं नाव न घेता. त्या दिवशी मी भरात येऊन हेही सांगितलं की आमच्या घरच्या केळ्यातही सेरोटोनिन असतं. ते खाऊन मेंदूत पोचत नाही, त्याने काही होत नाही, असं शंभरदा म्हटलं, तरी त्यानंतर मी आणलेली केळी अक्का घ्यायची, ओकारीच्या भीतीने स्वतः खायची नाही, आणि सरळ डॉ. भूपेंद्रांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. आम्ही त्यावरून तिला खूप चिडवलं.

त्याच चहाला, कप गोळा करता करता, तिने आणखी एक विचारलं होतं. "मंग हाई सुई एसटीकरता बी चालस का, साहेब?"

मी म्हटलं, "नाही अक्का. तिथे ही काही कामाची नाही." आणि पुन्हा सुरू झालो. गाडी लागते ती पोटातून नाही, कानातून. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथून निरोप जातो, त्याचे पोस्टमन वेगळे, त्यांना अडवायची औषधं वेगळी. पाच मिनिटं बोललो असेन. अक्काने सगळं ऐकून घेतलं, "आस्सं," म्हणाली आणि कप घेऊन गेली.

दोन वर्षांपूर्वी अक्काच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीने काढायचं ठरलं. बासष्ट वय, बाकी तब्येत ठणठणीत. डॉ. भूपेंद्र म्हणाले, अक्काचं ऑपरेशन आपल्याच थिएटरमध्ये. मी म्हटलं, भूल माझीच.

त्या सकाळी अक्का पहिल्यांदाच त्या खाटेवर आडवी होती. केस मोकळे, अंगात पेशंटचा गाऊन, आणि तिला कुठे बघावं कळत नव्हतं. बदलीवर आलेली आया फरशी पुसत होती आणि अक्का मान वळवून वळवून तिचं फडकं बघत होती. मी सुई टोचायला हात धरला तेव्हा तिने माझं मनगट पकडलं.

"साहेब, मरनंबिरनं जाऊ द्या. एकच सांगनं शे. मनी घान दुसरानी काढाले नको. बठ्ठं तुमना हातमा शे."

"अक्का, मी आहे ना," मी म्हटलं.

हे मी मनापासून म्हटलं होतं. मग मी सवयीने फॉर्म हातात घेतला, सवयीने खाटेच्या दांडीकडे पाहिलं, पट्टी नव्हती, आणि त्या रकान्यात "नाही" लिहिलं. पट्टी बांधणारी बाई त्या खाटेवर झोपलेली होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिच्या तोंडावर मास्क धरला होता. अर्ध्या हाताच्या अंतरावर तिचे डोळे होते. विचारायला किती वेळ लागला असता?

ऑपरेशन अकराला संपलं. मी शेवटचं नेहमीचं इंजेक्शन दिलं, अक्काने डोळे उघडले, मला ओळखलं. तेवढ्यात साक्री रोडवरून सिझेरियनचा फोन आला आणि मी बॅगा उचलून पळालो.

साडेबाराला उलट्या सुरू झाल्या. वॉर्डातल्या सिस्टरने फोन केला. मी दुसऱ्या थिएटरमध्ये, फोन कोणीतरी माझ्या कानाशी धरलेला, समोर बाळ बाहेर येतंय. मी म्हणालो, "तेच इंजेक्शन परत द्या." एक दार अडवूनही चिठ्ठी पोचत असेल तर दुसरं दार बघायचं असतं, दुसऱ्या जातीचं औषध द्यायचं असतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या दिवशी मी घाईत तेच दार पुन्हा लावलं आणि फोन बंद करायला सांगितला.

दोनच्या सुमारास अक्काला पुन्हा उमळून आलं. ट्रे हाताशी नव्हता. अर्धं चादरीवर, अर्धं फरशीवर. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होती, बदलीची आया चादरी आणायला खाली गेली होती. तेवढ्या वेळात माझी अक्का, पोटाला चार टाके, हातात सलाईन, अंगात भूल, खाटेवरून उतरली. कोपऱ्यातलं फडकं तिने घेतलं. फरशी पुसायला वाकली आणि घसरली. खुबा मोडला.

मी पोचलो तेव्हा तिला खाटेवर ठेवलं होतं. ती रडत नव्हती. मी भडकलोच, कारण घाबरलो की मला दुसरं काही येत नाही. "अक्का, तुला उतरायला कोणी सांगितलं होतं?"

"फरशी वली व्हती, साहेब," ती म्हणाली. "कोनीतरी पडी जातं."

चार दिवसांनी खुब्याचं ऑपरेशन झालं. ती भूल मीच दिली, कमरेतून, आणि सगळी औषधं ओतली. तेव्हा एकदाही उलटी झाली नाही. पण वय झालेलं हाड, ते काही पूर्वीसारखं झालं नाही. उकिडवं बसणं गेलं, बादली उचलणं गेलं, चालणं वॉकरवर आलं. संघमित्रा येऊन तिला जळगावला घेऊन गेली. निरोप घ्यायला मी गेलो नाही. कामात होतो असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझी हिंमत नव्हती.

स्वतःची समजूत मी आकड्यांनी घालत होतो. नेहमीचं इंजेक्शन देऊनही शंभरातल्या वीस-पंचवीस बायकांना उलट्या होतातच. दुर्बिणीच्या ऑपरेशनला जरा जास्तच. अक्का त्या वीस-पंचविसांतली एक निघाली, तिचं नशीब. आठ महिने मी स्वतःला हेच सांगत होतो आणि ते मला बऱ्यापैकी पटलं होतं.

मग मुक्ताईनगरला घरच्या कार्याला निघालो असताना जळगावात बायपासला न वळता मी गाडी गावात घातली. संघमित्राकडे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, समोर वॉकर. मला बघून तिने उठायची धडपड केली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी केळ्यांची फणी पुढे केली. तिने ती बघितली आणि हसली. "संघमित्रा, हाई डॉ. भूपेंद्रले धाडी दे," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो, आणि थोडा वेळ बरं वाटलं.

संघमित्राने चहा केला. बोलता बोलता ती म्हणाली, "सर, एकदा आईला धुळ्याला घेऊन येईन म्हणते. सगळ्यांना भेटायचंय तिला. पण गाडीत बसवायची भीती वाटते. अॅम्ब्युलन्समधून आणलं तेव्हा पारोळ्यापर्यंतच तीनदा ओकली. तिचं हे नेहमीचंच. मी लहान असताना आम्ही दोंडाईचाकडे मामाच्या गावाला जायचो, तर ही आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. एकदा एसटीत कोणाच्या तरी धोतरावर उडालं होतं. त्या माणसाने जात विचारली आणि मग चिमठाण्याला आम्हाला खाली उतरवलं. उरलेलं अंतर चालत गेलो. तेव्हापासून आई कोणाला सांगत नाही. इतरांना मात्र विचारत सुटते."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. चौदा वर्षं मी दांड्यांना बांधलेल्या पट्ट्या मोजल्या होत्या. पट्टी बांधणाऱ्या बाईला हा प्रश्न सुचला कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. तिची मुलगी समोर होती, तरी मी विचारलं. फॉर्मवरचा तो रकाना मी आठ महिने उशिरा भरायला बसलो होतो.

"अक्का, तुला गाडी लागते का?"

"आते इचारी राहिनात, साहेब?" ती हसून म्हणाली. "लागस ना. पोर व्हती तवयपाईन लागस."

"मग त्या दिवशी मला सांगायचं नाही का? मी औषध बदललं असतं. हे काहीच झालं नसतं, अक्का." माझा आवाज चढला होता. तिच्यावर चिडायचा मला काही अधिकार नव्हता, पण चिडलो.

अक्का गोंधळली. तिने संघमित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी असं का विचारतोय हे तिला खरंच कळेना.

"मी तं तुमले सांगं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "चहाले बठेल व्हतूत ना आपन, पोस्टमनवाली गोट सांगी तुमीन? तवय इचारं व्हतं मी, हाई सुई एसटीकरता चालस का म्हनीसन. मी दुसरा कोनकरता इचारसू?"

मला ती दुपार आठवली. कानातली तोल सांभाळणारी जागा, वेगळे पोस्टमन, वेगळी औषधं. पाच मिनिटं बोललो होतो. गाडीची साधी गोळी मेडिकलमध्ये मिळते, एवढंही त्यात नव्हतं. आणि "कोणासाठी हवंय, अक्का?" हे तर नव्हतंच.

मी मान खाली घातली. अक्काने हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. माझीच समजूत काढायला लागली.

"तुमीन इतलं चांगलं समजाडी सांगं, साहेब," ती म्हणाली. "माले वाटनं, तुमले बी समजी गयं व्हई."